जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नीट कसा बसवायचा

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली पॅटर्न शॉप, राजारामपुरीतली डिझाइन आणि फ्लेक्सची दुकानं, हुपरीत पैंजणांची डिझाइन काढणारे, या सगळ्यांकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय5 डेस्कटॉप अजून रोज चालतात. मशीन धडधाकट आहे, फक्त विंडोजला ते चालत नाही. मग बरेच जण विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकतात. मिंट सहज बसतं. अडतं ते ग्राफिक्स कार्डापाशी: स्क्रीन 1024 बाय 768 वरच राहते, फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवलं की धक्के बसतात, नाहीतर रिस्टार्ट केल्यावर नुसता काळा पडदा.

यातला बहुतेक त्रास एका सवयीमुळे होतो. विंडोजवर आपण कार्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर जातो, ड्रायव्हर डाउनलोड करतो आणि डबल क्लिक करतो. लिनक्सवर असं करू नका. एनव्हिडियाच्या साइटवर लिनक्ससाठी फाइल मिळते आणि ती बसतेही, पण मिंटच्या पॅकेज व्यवस्थेला तिची नोंदच नसते. पुढं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अपडेट झालं की तुम्ही बसवलेला ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठीच बांधलेला असतो आणि सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना मशीन डेस्कटॉपपर्यंत येत नाही. ड्रायव्हर नेहमी आपल्या डिस्ट्रोच्या (मिंट, उबुंटू असा लिनक्सचा जो प्रकार असेल त्याच्या) भांडारातूनच घ्यायचा. त्यात कधी थोडी जुनी आवृत्ती मिळेल, पण अपडेट आलं की ती कर्नलबरोबर आपोआप जुळवली जाते.

खालच्या पायऱ्या लिनक्स मिंट 22 साठी आहेत, म्हणजे उबुंटू 24.04 वर आधारलेल्या आवृत्तीसाठी. कमांड इथं उच्चाराप्रमाणे दिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

आधी कार्ड ओळखा

ही पायरी लोक सर्वात जास्त गाळतात. खोक्यावर लिहिलंय, बिलावर लिहिलंय, म्हणून झालं असं होत नाही. सेकंडहँड बाजारात जीटी 730 नावानं दोन वेगवेगळ्या पिढ्यांची कार्डं मिळतात, आणि दोघांचा ड्रायव्हर वेगळा.

टर्मिनल उघडा आणि इन्क्सी ही कमांड द्या. स्पेलिंग आय-एन-एक्स-आय, मग एक जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून मोठा जी. मिंटमध्ये ती आधीपासून असते. 'ग्राफिक्स' या शीर्षकाखाली पहिल्या ओळीत कार्डाचं नाव दिसतं, आणि नावाच्या आधी चिपचं सांकेतिक नाव, उदाहरणार्थ जीके208बी. त्याच भागात 'ड्रायव्हर' या शब्दापुढं सध्या काय चालू आहे ते दिसतं. एनव्हिडियाच्या कार्डाला नवीन मिंटवर तिथं बहुधा नूव्हो असतं. हा समाजानं बनवलेला खुला ड्रायव्हर आहे. स्क्रीन दाखवायला पुरतो, थ्रीडी कामाला जुन्या कार्डांवर कमी पडतो.

सांकेतिक नावाची पहिली दोन अक्षरं हीच खरी माहिती. जीएफ असेल तर फर्मी पिढी. तिचा 390 मालिकेचा ड्रायव्हर एनव्हिडियानं 2022 च्या शेवटी सोडून दिला, त्यामुळं अशा कार्डावर नूव्होच राहू द्या आणि जमेल तेव्हा कार्ड बदला. जीके म्हणजे केप्लर. जीटी 710 यातलंच, जीटी 730 चाही एक प्रकार यात येतो. त्याला 470 मालिका लागते, तिच्यापुढची कुठलीच चालत नाही. जीएम मॅक्सवेल आणि जीपी पास्कल; जीटी 1030, जीटीएक्स 1050 टीआय ही कार्डं पास्कलची. या दोन्ही पिढ्यांसाठी 580 ही शेवटची मालिका, 590 पासून त्यांना वगळलंय. टीयू म्हणजे ट्युरिंग, त्यात जीटीएक्स 1650 येतं. जीए म्हणजे अँपिअर, तिथं आरटीएक्स 3050 आणि 3060. एडी म्हणजे 40 मालिकेची कार्डं, जीबी म्हणजे 50 मालिकेची. ट्युरिंगपासून पुढच्या सगळ्यांना सध्याच्या नव्या मालिका चालतात.

सांकेतिक नाव, लागणारी मालिका आणि आजची तारीख एका कागदावर लिहून कॅबिनेटला आतून चिकटवा. पुढं मशीन उघडणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होतो.

ओळखण्याच्या टप्प्यावरच केबलही बघून घ्या. मागं दोन एचडीएमआय पोर्ट असतात, एक मदरबोर्डाचं आणि एक खाली आडव्या पट्टीत कार्डाचं. केबल वरच्या पोर्टमध्ये असेल तर तुम्ही इंटेलचं अंगचं ग्राफिक्स वापरताय आणि कार्ड रिकामं बसलंय. दुसरी गोष्ट जुन्या व्हीजीए मॉनिटरची. 1050 टीआयसारख्या कार्डाला व्हीजीए पोर्ट नसतं, म्हणून लोक स्वस्तातला कन्व्हर्टर लावतात. मॉनिटर आपलं रिझोल्युशन कार्डाला ईडीआयडी नावाच्या माहितीतून सांगतो, आणि हलका कन्व्हर्टर ती माहिती पुढं पोचवतच नाही. मग 1366 बाय 768 चा मॉनिटर 1024 बाय 768 वर अडकतो आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. ड्रायव्हर तीनदा बदलण्याआधी शेजारच्या दुकानातून एचडीएमआयचा मॉनिटर आणून एकदा लावून बघा.

शिरोली एमआयडीसीच्या फाउंड्री पट्ट्यात मशीन असेल तर आणखी एक. वाळूची बारीक धूळ कार्डाच्या पंख्यात आणि हीटसिंकच्या पट्ट्यांत बसते, कार्ड तापतं आणि काम मंदावतं. आधी ब्लोअरनं साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, त्याला जोरात फिरू देऊ नका.

एएमडी किंवा इंटेल असेल तर

बसवायचं काहीच नाही. दोघांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात आणि थ्रीडीचा भाग मेसा हे मिंटमध्येच असलेलं सॉफ्टवेअर सांभाळतं. इन्क्सीमध्ये इंटेलला आय915, एएमडीच्या नव्या कार्डाला एएमडीजीपीयू आणि जुन्याला रेडिऑन दिसलं की काम झालं. एएमडीच्या साइटवरचं पॅकेज रोजच्या कॅड किंवा फोटोच्या कामाला लागत नाही. सिस्टिम फक्त पूर्ण अपडेट करून घ्या, म्हणजे लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज ताजं राहतं. एएमडीचं कार्ड त्याच्याशिवाय नीट उठत नाही.

म्हणूनच कुणी नवीन किंवा सेकंडहँड कार्ड घेण्याआधी विचारलं तर मी लिनक्ससाठी एएमडीच सुचवतो. आरएक्स 550 साधारण 50 वॅटचं आहे आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळं जुन्या साध्या एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) चालून जातं. आरएक्स 570 ताकदीचं आहे, पण ते 150 वॅट मागतं आणि वरून केबलही लागते. तीन-चारशे रुपयांच्या एसएमपीएसवर ते लावायचं नाही.

इथून पुढचं सगळं एनव्हिडियासाठी.

बसवण्याआधी तीन कामं

पहिलं, टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची अवस्था (स्नॅपशॉट) जपून ठेवणारं सॉफ्टवेअर. मिंटच्या मेनूत ते असतंच. उघडा, आरसिंक प्रकार निवडा, डिस्क निवडा आणि एक स्नॅपशॉट काढा. टाइमशिफ्ट सिस्टिमच्या फाइली जपतं, तुमच्या कामाच्या नाही. ड्रॉइंग, फोटो, टॅली वेगळ्या डिस्कवर स्वतंत्र घ्या. हा स्नॅपशॉट पुढं काळ्या पडद्यातून बाहेर काढणार आहे, म्हणून तो टाळू नका.

दुसरं, अपडेट मॅनेजरमधून सगळे अपडेट घ्या आणि मशीन रिस्टार्ट करा. रिस्टार्ट झाल्याशिवाय नवीन कर्नल चालू होत नाही, आणि ड्रायव्हर ज्या कर्नलवर चालायचा त्याच्यासाठीच बांधला गेला पाहिजे. केप्लर कार्ड असेल तर इथं जरा थांबा. 470 मालिका जुनी आहे, तिचं दर नव्या कर्नलशी जुळेलच असं नाही. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथून 6.8 मालिकेवर राहा. उबुंटू 24.04 चं मूळ कर्नल हेच आहे आणि त्याला सुरक्षा अपडेट मिळत राहतात.

तिसरं, विजेची सोय. ड्रायव्हर बसताना डीकेएमएस नावाचा भाग कर्नलसाठी मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा, तिथंच बांधतो, आणि जुन्या आय5 वर त्याला काही मिनिटं लागतात. वळवाच्या दिवसांत दुपारी आभाळ भरून आलं की लाईट जाणार हे गृहीत धरायचं. त्या मिनिटांत लाईट गेली तर पॅकेज अर्धवट राहतं. यूपीएसची बॅटरी चालू असल्याची खात्री करा, किंवा हे काम सकाळी लवकर उरका. तरीही मध्ये लाईट गेलीच तर घाबरू नका. मशीन परत आल्यावर टर्मिनलमध्ये सुडो डीपीकेजी, जागा, दोन वजा चिन्हं आणि चिकटून कॉन्फिगर, पुन्हा जागा, एक वजा चिन्ह आणि ए. अर्धवट राहिलेली पॅकेज तिथूनच पुढं बसतात.

आता बसवा

मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. पासवर्ड मागेल. यादी यायला थोडा वेळ लागतो, नेट चालू हवं. तुमच्या कार्डाखाली दोन-चार पर्याय दिसतील, त्यातल्या एकापुढं 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं. आपण मालिका आधीच ओळखलीय, तेव्हा ती त्याच्याशी ताडून बघा. केप्लरला 470 च दिसला पाहिजे.

नावाच्या शेवटी 'सर्व्हर' लिहिलेले पर्याय सोडून द्या, ते सर्व्हर मशीनसाठी आहेत. 'ओपन' लिहिलेला पर्याय म्हणजे एनव्हिडियानं 2022 मध्ये उघड केलेली कर्नल मॉड्यूल. ती ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांनाच चालतात. 50 मालिकेला तर तीच लागतात, दुसरा पर्याय नाही. 1050 टीआयवर 'ओपन' निवडलंत तर कार्ड चालणारच नाही.

पर्याय निवडा, 'अप्लाय चेंजेस' दाबा आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत विंडो बंद करू नका. मध्ये बराच वेळ हालचाल दिसत नाही, तेव्हा मॉड्यूल बांधलं जात असतं.

उबुंटूवर हेच 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स'मधल्या 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' टॅबमध्ये मिळतं. टर्मिनलवरून करायचं असेल तर उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस ही कमांड यादी दाखवते आणि सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल सुचवलेला ड्रायव्हर बसवते.

सिक्युअर बूटचा निळा पडदा

सिक्युअर बूट चालू असलेलं मदरबोर्ड सही नसलेलं मॉड्यूल कर्नलमध्ये येऊ देत नाही. डीकेएमएसनं तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्याच मशीनच्या किल्लीची सही असते, आणि ती किल्ली मदरबोर्डाला आधी मान्य करावी लागते. किल्लीला एमओके म्हणतात.

म्हणून ड्रायव्हर बसताना कधी कधी एक पासवर्ड ठरवायला सांगतात. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे, एकदाच लागणारा तात्पुरता आहे. किमान आठ अक्षरांचा, साधा आणि आकडे-अक्षरांचाच ठेवा. चिन्हं टाळा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डाची मांडणी वेगळी असू शकते.

रिस्टार्ट केलं की मिंट येण्याआधी निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो आणि कुठलंही बटण दाबलं नाही तर निघून जातो. लोक चहा आणायला जातात आणि नेमका तेव्हा तो येऊन जातो. समोर बसून राहा. बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, 'कंटिन्यू', मग 'येस', मग तोच पासवर्ड, शेवटी 'रीबूट'. झालं.

पडदा हुकला तर ड्रायव्हर डिस्कवर असतो पण चालू होत नाही. सिक्युअर बूट चालू आहे का हे मोकयूटिल या कमांडनं कळतं (एम-ओ-के-यू-टी-आय-एल, जागा, दोन वजा चिन्हं, एसबी-स्टेट). चालू असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून नूव्होवर परत जा, रिस्टार्ट करा आणि ड्रायव्हर पुन्हा बसवा. एवढं करूनही पासवर्डाची खिडकी आलीच नाही तर बायॉसमधून सिक्युअर बूट बंद करा. दुकानातल्या, फक्त मिंट असलेल्या मशीनवर त्यानं काम अडत नाही. बँकेचं किंवा पगाराचं काम असलेल्या मशीनवर मात्र मी ते चालूच ठेवून किल्ली नोंदवण्याचा खटाटोप करतो.

बसला की नाही, कसं बघायचं

पुन्हा तीच इन्क्सी. 'ड्रायव्हर' पुढं आता नूव्होऐवजी एनव्हिडिया पाहिजे. त्याच भागात ओपनजीएलची ओळ असते, तिथं 'रेंडरर' म्हणून तुमच्या कार्डाचं नाव आलं पाहिजे. तिथं एलएलव्हीएम-पाइप असा शब्द दिसला तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड नाही. फ्रीकॅडमधले धक्के बहुतेक वेळा त्यामुळंच असतात.

दुसरी तपासणी एनव्हिडिया-एसएमआय. ही कमांड एक छोटा तक्ता दाखवते: ड्रायव्हरची आवृत्ती, तापमान, कार्डाची मेमरी आणि ती कोण वापरतंय. ड्रायव्हरशी बोलता आलं नाही असा निरोप आला तर मॉड्यूल चढलेलं नाही. मग डीकेएमएस स्टेटस बघा. तिथं एनव्हिडियाच्या ओळीत तुमच्या सध्याच्या कर्नलचा आकडा आणि पुढं 'इन्स्टॉल्ड' हवं. आकडाच नसेल तर कर्नलच्या हेडर फाइली नसतात. 6.8 कर्नल असेल तर सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक, त्याहून नवं असेल तर शेवटी लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-24.04, मग सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल, मग रिस्टार्ट. 'इन्स्टॉल्ड' आहे आणि तरी चालत नाही, तर शंका सिक्युअर बूटवर.

काळा पडदा आला तर

दोन वेगळे प्रसंग आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे.

ड्रायव्हर बसवण्याआधीच, म्हणजे मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करतानाच पडदा काळा असेल, तर नूव्होला ते नवं कार्ड झेपत नाही. पेनड्राइव्हच्या मेनूत 'कंपॅटिबिलिटी मोड' असतो, त्यानं सुरू करा. मिंट बसल्यावर पहिल्यांदा उठतानाही तसंच झालं तर मशीन चालू होताना शिफ्ट धरून ठेवा, नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप एकेकदा दाबत राहा. ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू होण्याआधीचा, मेनू आला की 'ई' दाबा. लिनक्स शब्दानं सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ10 दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. कुणी तो ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहिला असेल तर ड्रायव्हर बसल्यावर काढून टाका.

ड्रायव्हर बसवल्यानंतर काळा झाला, तर मशीन आत बहुधा जिवंत असतं, नुसतं चित्र येत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकदम दाबा. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं तर नाव टाका, पासवर्ड टाका (टाइप करताना काहीच दिसत नाही, तसंच असतं). मग सुडो टाइमशिफ्ट, जागा, दोन वजा चिन्हं, रिस्टोअर. स्नॅपशॉटची यादी येते, आपला आकडा द्या, विचारलेल्या प्रश्नांना होकार द्या. मशीन ड्रायव्हर बसवण्याआधीच्या अवस्थेत परत येतं.

तो पडदाही आला नाही तर ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. आधीचं कर्नल निवडून बघा, कारण कर्नल अपडेटनंतर आलेला काळा पडदा बहुतेक वेळा तेवढ्यानंच जातो. नाहीच गेला तर रिकव्हरी मोड घ्या, 'रूट' निवडा आणि तिथून टाइमशिफ्ट चालवा.

डेबियन आणि फेडोरा

मिंटऐवजी लिनक्सचे हे दुसरे प्रकार वापरत असाल तर: डेबियनमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर नॉन-फ्री भागात असतो, तो भांडारांच्या यादीत आधी जोडावा लागतो. डेबियन 12 पासून फर्मवेअरसाठी नॉन-फ्री-फर्मवेअर असा वेगळा भाग आहे, तोही हवा. मग लिनक्स-हेडर्स-एएमडी64 आणि एनव्हिडिया-ड्रायव्हर ही दोन पॅकेज. फेडोरावर आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून एकेमॉड-एनव्हिडिया बसवा. तिथं पॅकेज बसल्यावर लगेच रिस्टार्ट करू नका. मॉड्यूल मागं बांधलं जात असतं, चार-पाच मिनिटं थांबा.

कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये

ड्रायव्हर नीट बसला तरी ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर आपण होऊन कार्ड वापरत नाही. 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'सिस्टिम'मध्ये जाऊन सायकल्ससाठी (ब्लेंडरचा रेंडर करणारा भाग) कुडा किंवा ऑप्टिक्स या एनव्हिडियाच्या पद्धतींपैकी एक निवडा, कार्डापुढं टिक करा, आणि रेंडरच्या सेटिंगमध्येही 'डिव्हाइस' सीपीयूवरून जीपीयूवर न्या. जीटी 710 वर हे करून फायदा नाही, तिथं प्रोसेसरच बरा.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी दोन गोष्टी मशीन बदलण्याआधीच बघाव्यात. जीटी 1030 मध्ये एनव्हीएनसी, म्हणजे व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नाही, त्यामुळं केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमधून एक्स्पोर्टचं काम प्रोसेसरवरच पडतं. आणि डाविंची रिझॉल्व या दुसऱ्या एडिटरची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.264 आणि एच.265 च्या फाइली घेत नाही. कॅमेऱ्यातून येणारं बहुतेक फुटेज याच प्रकारचं असतं, म्हणजे आधी ते डीएनएक्सएचआरसारख्या प्रकारात बदलून घ्यावं लागतं आणि फाइली कित्येक पटींनी फुगतात. सीझनच्या आधी, हातात वेळ असताना, एका जुन्या लग्नाचं फुटेज घेऊन सुरुवातीपासून एक्स्पोर्टपर्यंत सगळं काम एकदा करून बघा. तोवर विंडोजची डिस्क पुसू नका, काढून बाजूला ठेवा.